मेलेला डिंक

पिंपाचं झाकण निघालं आणि वर्षा बोरसेच्या नाकात वास शिरला. वास अगदी बारीक होता. रस्त्यावरच्या गाडीवर चिरलेला कांदा ज्या सिरक्यात बुडवून ठेवतात तसा, आंबूस, नाकाच्या शेंड्याला चिमटा काढून निघून जाणारा. पॅकिंगच्या पट्ट्यावर बसलेल्या बायकांपैकी कुणाचीही मान वर झाली नाही. त्यांची बोटं चालत होती आणि तोंडात दिवाळीला गावी कोण गेलं, कोण प्लेगच्या भीतीनं अजून सुरतेला परतलंच नाही, याच्या गोष्टी होत्या. वर्षानं वाकून पुन्हा हुंगलं. मूठभर गोळ्या तळहातावर घेतल्या. दिसायला छान होत्या, पिवळसर पांढऱ्या, कडा शाबूत. हाताच्या उबेनं वास आणखी थोडा सुटला. मेलाय, ती मनाशी म्हणाली, डिंक मेलाय. आणि पोटातून काहीतरी गरम, दोन वर्षं दाबून ठेवलेलं, वर आलं. तिला ते आधी ओळखूच आलं नाही. मग कळलं, की हा आनंद आहे.

कांडोळचं झाड तिनं लहानपणी आजोळी पाहिलं होतं. डांगच्या बाजूला डोंगरउतारावर उभं असतं, पांढरंफटक, साल कागदासारखी सुटलेली. माणसं त्याला भुताचं झाड म्हणायची आणि तिन्हीसांजेला त्या बाजूनं जायची नाहीत. त्याला खाच पाडली की डिंक येतो. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक वेगळा. हा पाण्यात टाकला तर विरघळत नाही, फुगतो. चिमूटभर पूड वाटीभर पाणी पिऊन बसते आणि बोटाला लिबलिबीत लागते. औषधाच्या पुडीत हा डिंक मिसळून गोळी दाबली, की पोटात गेल्यावर गोळीभोवती त्या फुगलेल्या डिंकाचं कवच धरतं आणि त्यातून औषध थेंबाथेंबानं बाहेर येतं. घाईनं येत नाही. साध्या गोळीचं औषध एकदम उसळतं आणि चार तासांत संपतं. हिचं दिवसभर पुरतं. वर्षाला हे पुस्तकातून सुचलं नव्हतं. आबा, तिचे वडील सुकलाल, लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या छोट्या कारखान्यात, लूम चालवायचे; तिथली माणसं त्यांना साचे म्हणत. बारा तासांची पाळी. छातीत सुताची धूळ बसलेली. सकाळी सातला दम्याची गोळी घ्यायचे, आणि अकरा वाजले की चार साच्यांच्या खडखडाटात उभ्या जागी त्यांचा श्वास आखडायचा. दुसरी गोळी लगेच घेतली की हात थरथरायचे, धागा सापडायचा नाही. साच्याला टेकून, तोंड उघडं टाकून ते उभे राहायचे आणि शेठ लांबून ओरडायचा. डबा द्यायला गेलेली वर्षा दारात उभी राहून ते बघायची. आबा गेले तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाळी बारा तासांची आणि गोळी चार तासांची, हा हिशेब तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

पांडेसऱ्याच्या या औषधाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. वर डॉक्टर विजय साठये. पुण्याचे, गोरे, हसरे. कुणाशीही बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे कुणी मोठं माणूस आहे का ते बघायचे. बाहेरच्यांसमोर तिला 'वर्षाबेन' म्हणायचे, एकटी असली की 'वर्षा'. कांडोळच्या डिंकाची गोष्ट तिनंच त्यांना सांगितली. डांगातल्या आहव्याहून पहिली पिशवी एसटीनं मांडीवर ठेवून तिनंच आणली. कोमट पाण्याच्या काचभांड्यांत गोळ्या फिरवणाऱ्या यंत्रासमोर बसून दर तासाला पाणी काढणं, त्यात औषध किती उतरलं ते मोजणं, वहीत लिहिणं, असं तिनं अकरा महिने केलं. पहिल्यांदा गोळी बारा तास पुरली तेव्हा ती यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून रडली होती. साठये आत आले आणि म्हणाले, "अगं, डोळ्यांत काही उडालं का?" तिनं हो म्हटलं. मग ब्याण्णवच्या पावसाळ्यात तिला तो वास आला. जूनमध्ये दळून ठेवलेली पूड ऑगस्टमध्ये फुगेचना. आंबूस वास मारत होती आणि तिची गोळी तासाभरात विरघळून सगळं औषध ओकत होती. तिनं चार वेळा करून पाहिलं आणि मग साठयांना सांगितलं, "सर, दळून ठेवलेला डिंक दमट हवेत मरतो. दळला की लगेच वापरायला हवा. आधी वास येतो, मग फुगणं जातं."

"डिंक मरतो!" साठये हसले होते. खोलीत आणखी दोघं होते, तेही हसले. "वर्षाबेन, तुमच्या खान्देशात डिंकाचं सुतकही पाळतात का?"

पण वहीच्या त्या पानावर, तिनं निळ्या शाईत लिहिलेल्या ओळींखाली, त्यांनी नेहमीसारखी सही केली होती. पाहिलं, तारीख, सही. न वाचता केली असेल. पुढच्या वर्षी याच कामावर त्यांचा प्रबंध झाला, नावाआधी डॉक्टर लागलं, परदेशी मासिकात लेख आला. त्यात डिंक मरण्याबद्दल अक्षर नव्हतं. तसं लिहिलं असतं तर एवढी देखणी गोष्ट लंगडी दिसली असती. शेवटी एक ओळ होती, 'प्रयोगशाळेतील एका सहायिकेने केलेल्या मदतीबद्दल आभार.' एका सहायिकेने. तिनं विचारायचं धाडस केलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वर्षा, हातानं काम करणं वेगळं आणि डोक्यानं करणं वेगळं. तुला वाईट वाटेल, पण हे कुणीतरी सांगायला हवं." महिन्याभरात तिची बदली पॅकिंगला झाली. पगार वाढला, असंही वर ऐकवलं. बदलीच्या दिवशी तिनं ती वही ओढणीखाली धरून घरी आणली. ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ती राहिली. आई देवळात गेली की वर्षा ती काढायची आणि लोक पोथी वाचतात तशी वाचायची. वाचून झालं की कानशिलं तापायची आणि पुढचे दोन-तीन दिवस बरे जायचे. साठये जिन्यावरून पडताहेत, सभेत त्यांचा आवाज बसलाय, त्यांच्या मुलाला परीक्षेत शून्य मिळालंय, असलं काहीबाही तिच्या मनात चालायचं. एवढ्यानं भागत नाही हेही तिला कळायचं. माणूस पडला पाहिजे तो त्यानं चोरलेल्या वस्तूवरूनच घसरून.

आणि आता ही वस्तू तिच्या तळहातावर होती. काय झालं असेल ते तिला दिसत होतं. पूड जूनमध्ये दळली असणार. मग पावसाळा, मग प्लेग. अर्धं सुरत गाड्या भरून पळालं, कारखाना बंद, पिंपं दमट गोदामात. दिवाळीनंतर घाईघाईनं गोळ्या पाडल्या. चाचणी करणारा भूपेंद्र गावाहून परतलाच नव्हता. यंत्रावरची प्लास्टिकची खोळ तिनं सकाळीच पाहिली होती, वर बोटभर धूळ. तरी पिंपाबरोबर आलेल्या कागदावर चाचणीचे आकडे टाइप केलेले होते. तिनं ते वाचले आणि तिला हसू आलं. आकडे तिच्या ओळखीचे होते. उन्हाळ्यातल्या बॅचचे, जसेच्या तसे, दशांशासकट. साठयांनी जुना कागद नव्या पिंपाला लावला होता. आता एवढंच राहिलं होतं, की पिंप उघडणाऱ्यानं तीन रकाने भरायचे. रंग, कडा, वास. वास या रकान्याशी तिचं पेन थांबलं. वर जाऊन सांगावं, हा विचार आलाच नाही असं नाही. आला. पण त्याच्याबरोबर साठयांचा चेहराही आला. आधी कपाळाला आठी, मग हसू, मग पिंप गुपचूप परत, आणि पुढच्या लेखात 'साठवणुकीचे परिणाम' म्हणून एक नवा तक्ता. तोही त्यांच्याच नावावर. तिनं तीन वेळा 'ठीक' लिहिलं आणि खाली सही केली, पूर्ण नाव, वर्षा सुकलाल बोरसे, कधी नव्हे इतक्या वळणदार अक्षरांत.

पुढचे पाच दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चवदार दिवस होते. भाजीत मीठ कमी पडलं तरी तिला कळायचं नाही, पण वाऱ्याची झुळूक, न्हाल्यावरचे ओले केस, रिक्षात कुणाचं तरी लागलेलं गाणं, सगळं अंगाला लागत होतं. गोळ्या कानपूरला जातील, मद्रासला जातील. तिथले डॉक्टर पत्रं लिहितील, की साहेब, तुमच्या गोळीनं पेशंटला ओकाऱ्या होतात, छाती धडधडते. पत्रांचा ढीग होईल. तपासणीला माणसं येतील, खोळ काढतील, कागद ताडून पाहतील. त्या पेशंटना तिच्या मनात चेहरे नव्हते. ओकारी होती, पण ओकणारा माणूस नव्हता. चेहरा एकच होता, साठयांचा, आणि तो दर दिवशी थोडा थोडा उतरत चालला होता. शुक्रवारी ते स्वतः पॅकिंगमध्ये आले. अंगात नवा कोट होता.

"झालं सगळं?"

"झालं, सर."

"पहिला लॉट कुठे जाणार ते कळलं तर तूसुद्धा खूश होशील."

ते थांबले. तिनं विचारावं अशी त्यांची इच्छा होती, एवढं तिला दिसलं. म्हणूनच तिनं विचारलं नाही. पट्टीला चिकटलेला कागद नखानं काढत राहिली. ते गेले.

रविवारी दुपारी ती पर्वत पाटियाहून आईसाठी साडी घेऊन गोडादऱ्याला घरी आली. दारात चपला काढताना तिला ओट्यावर पडलेला छापील कागद दिसला. दम्याच्या रुग्णांसाठी शाळेत मोफत शिबिर, खाली कारखान्याचं नाव. आत धुरपदाबाई, तिची आई, भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"तुन्हा कारखानानी गोयी शे ना?" आई कौतुकानं म्हणाली. "शायमां डॉक्टर येल व्हतात. तो तुन्हा गोरा साहेब बी व्हता, फोटू काढ्यात. मी म्हनं, वर्षा ई जाई, तिले इचारीसन लेसू."

वर्षानं पट्टी हिसकावून घेतली. मागे छापलेला बॅचचा आकडा वाचायची गरज नव्हती, तरी वाचला. "माय, तू खाल्ली का?"

"नही वं. राघोनी तं तठेच दोन खाई टाक्यात. डॉक्टर म्हने दोन आत्ते, दोन सांजले. राघो म्हने, माले बेस वाटस, मी चारी खाई लेस आनि पाळीवर जास."

राघोकाका. आबांचे साच्याशेजारचे सोबती. आबा गेले त्या दिवशी तिरडीचे बांबू ज्यांनी आणले, तिच्या कॉलेजची फी एकदा ज्यांनी चुपचाप भरली आणि कधी विषय काढला नाही, ते राघोकाका. चार गोळ्या. म्हणजे रात्रभर पुरायचं, उद्यापर्यंत रेंगाळायचं औषध एका तासात त्या वाळलेल्या अंगात. तिला आपली सही दिसली. वास, ठीक. पायांत काही न घालता ती धावली. गल्ल्या ओलांडताना कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, ती थांबली नाही. खात्याच्या दारात लूमचा आवाज अंगावर आला, पण तिसऱ्या रांगेतले चार साचे बंद होते आणि तिथे माणसं गोळा झाली होती. राघोकाका जमिनीवर बसले होते. समोर ओकारी. हात असे हलत होते जसं कुणी ते धरून झटकतंय. तिला पाहून ते हसायला गेले आणि दात वाजले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिला. दोन महिन्यांपूर्वीच्या प्लेगची धास्ती अजून कुणाच्याच अंगातून गेली नव्हती. राघोकाकांची बायको, शोभाबाई, डॉक्टरला सांगत होती, की ताप नाही, गाठ नाही, फक्त गोळ्या खाल्ल्यात. डॉक्टरनं पट्टी बघितली. "ही तर हळूहळू उतरणारी गोळी आहे. चारनं एवढं होणार नाही. आणखी काय खाल्लंय?"

"ती हळू उतरत नाहीये," वर्षा म्हणाली. "सगळं औषध एकदम सुटलंय. चारही गोळ्यांचं. तुम्ही तसंच धरून चाला."

"तुम्हाला कसं माहीत?"

शोभाबाई तिच्याकडे बघत होती. खाटेवरून राघोकाकाही बघत होते, डोळे तारवटलेले पण शुद्धीवर. गप्प राहण्याची ती शेवटची जागा होती.

"मी ती बनवलीय," वर्षा म्हणाली. "आणि ती बिघडलीय हे मला सोमवारपासून माहीत आहे. वास आला होता."

डॉक्टरनं नर्सला हाक मारली. कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडली, सलाईन लावलं. अर्ध्या तासानं काकांना झटका आला. दातांखाली जीभ सापडली. चौघांनी धरलं, त्यात एक वर्षा होती. तिच्या हाताखाली त्यांची दंडाची हाडं उडत होती आणि ती हाडं किती बारीक आहेत हे तिला पहिल्यांदाच समजत होतं. संध्याकाळपर्यंत शिबिरातली आणखी अकरा माणसं आली. कुणी ओकत, कुणी छाती धरून. सगळी ओळखीच्या गल्ल्यांतली. कुणी मेलं नाही. त्या दिवशी ती याहून मोठं काही मागायला धजली नाही.

साठये दिवे लागायच्या वेळेला आले. कोट नव्हता. तिला व्हरांड्याच्या टोकाशी घेऊन गेले आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावरून पलीकडे न बघता तिच्याकडे बघत बोलले.

"हे बघ, वर्षा. डिंक ही नैसर्गिक वस्तू. ती अशी वागेल हे कुणालाही कळणं शक्य नव्हतं. मी हेच सांगणार आहे. तूही हेच सांग."

"मी तुम्हाला ब्याण्णवला सांगितलं होतं."

"कुणी ऐकलंय?"

"वहीत आहे. तुमची सही आहे खाली."

ते कठड्यावरून खाली वाकून बघू लागले. खालून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सही तुझीही आहे. वास, ठीक. पूर्ण नाव लिहिलंयस. ती वही बाहेर आली तर पहिला प्रश्न हाच येईल, की या बाईला सगळं माहीत होतं, मग तिनं सही कशी केली? मी निष्काळजी ठरेन. तू काय ठरशील?" आणि मग, जवळजवळ मायेनं, "डिंकाच्या या बिघाडावर एक नवीन लेख करू. पहिलं नाव तुझं. मी शब्द देतो."

पहिलं नाव तुझं. दोन वर्षं ज्या चार अक्षरांसाठी तिनं रात्रंदिवस दात खाल्ले होते, ती तिच्यासमोर आली आणि तिला खरोखर मोह झाला. क्षणभर तिला ते छापलेलंही दिसलं. मग तिनं साठयांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे घाम होता. या माणसाला बुडवायला एकच रस्ता आहे, हे तिला लख्ख समजलं. वास ओळखता येतो हे सिद्ध करायला वास ओळखलेलं माणूस हवं. तिनं स्वतःला बाहेर ठेवलं तर हाही सुटतो. धरायचा तर गळ्यात गळा घालून, दोघांनी एकाच विहिरीत जायचं. "चालेल, सर," ती म्हणाली. त्यांना वाटलं, तिनं मान्य केलं.

सोमवारी औषध खात्याचा निरीक्षक जबाब घ्यायला आला. वर्षानं ट्रंकेतून वही आणून त्याच्यासमोर ठेवली, यंत्रावरची खोळ सांगितली, जुन्या आकड्यांचा कागद दाखवला. मग स्वतःचं सांगितलं. वयस्क माणूस होता, लिहिता लिहिता थांबला. "बेन, आ वात लखवी छे? तमे पण फसशो." लिहायचीच आहे ना, तुम्हीही अडकाल, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. "लिहा," ती म्हणाली. "वास आला होता. मुद्दाम सांगितलं नाही. साहेबांचं वाटोळं व्हावं म्हणून." त्यानं मान खाली घालून लिहिलं. आठवड्याभरानं कारखान्याला सील लागलं. साठयांना जीपमध्ये बसवताना ती रस्त्यापलीकडे उभी होती. वर चढताना त्यांचा चष्मा पडला आणि ते चाचपडत खाली वाकले. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, चांगला पोटभर झाला, घरी पोचेपर्यंत पुरला. तिच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. वकिलानं जामीन करून दिला. गल्लीत बायका नळावर तिच्यासाठी जागा करून द्यायच्या, म्हणजे लांब सरकायच्या. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना एवढंच म्हणाली, "राघो घर येल शे. जाई ये."

राघोकाका ओट्यावर खाटेत बसले होते. जिभेची जखम भरत आली होती, तरी शब्द जड निघत होते. त्यांचे चार साचे शेठनं दुसऱ्याला दिले होते. शोभाबाई तिला बघून आत गेली. वर्षा खाली पायरीवर बसली. तिनं पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. प्रयोगशाळा, वही, आभाराची ओळ, साठयांचं हसणं. काका ऐकत होते.

"तुले वास येल व्हता ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हो, काका."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तुमच्याकडे येतील हे मला माहीत नव्हतं, काका. देवाशपथ. तुम्ही खाल असं मला वाटलंच नव्हतं."

ते तिच्याकडे वाकले. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग कोन खानार व्हतं?"